जिन्याचा घुमारा

अक्काचा स्टुडिओ इमारतीच्या मागच्या अंगाला होता, सायकली लावायच्या जागेला खेटून. दोन खोल्या. एकीत माईक, दुसरीत अक्का. गाणारे, नाटकवाले, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे, सगळे तिला अक्काच म्हणायचे; तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. खरं तर ती एकाचीच अक्का होती, तिच्या धाकट्या भावाची.

भाऊ संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा. नोकरी दुसरीकडे, जीव मात्र बहिणीच्या स्टुडिओत. दोघं ज्या इमारतीत वाढली तिचा दगडी जिना फार सुंदर घुमायचा. लहानपणी खालून हाक मारली की ती वरपर्यंत जाऊन, जरा गोड होऊन परत यायची. ती इमारत पाडायची ठरली तेव्हा भाऊ माईक घेऊन गेला, मजल्यामजल्यावर उभं राहून त्याने टाळ्या वाजवल्या, आणि जिन्याने दिलेलं उत्तर टिपून आणलं. त्यातून त्याने रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा एक छोटा प्लग-इन तयार केला. कोरड्या खोलीत गायलेला आवाज त्यातून सोडला की जिन्यात गायल्यासारखा निघायचा. त्याचं नावच ‘जिना’. पुढे कितीतरी वर्षं अक्काच्या हातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाण्यात तो असायचा.

मग भावाला मेंदूचा ताप आला. जीव वाचला, कान गेले. दोन्ही, पूर्ण. घरी आल्यावर त्याने एक दिवस रागाच्या भरात आपली डिस्क पुसून टाकली. मूळ प्रोग्रॅम, टाळ्यांची रेकॉर्डिंग, सगळं. स्टुडिओत येणंही सोडलं. ‘जिना’ उरला तो फक्त अक्काच्या जुन्या संगणकावर.

तो संगणकही शेवटी थकला. चालू होता होता बंद पडायला लागला, तेव्हा अक्काने नवा घेतला, जुन्यातलं सगळं, ‘जिना’सुद्धा, त्यात उतरवून घेतलं आणि नवं सॉफ्टवेअर घातलं. त्याच सुमारास एक गायिका आली. बरीच वर्षं तिने गाणं सोडलं होतं. आता अर्धवट राहिलेला आपला अल्बम तिला पुरा करायचा होता. अक्काने जुनं गाणं उघडलं. पडद्यावर सूचना आली: प्लग-इन सापडला नाही. ‘जिना’ बत्तीस बिटांच्या काळातला, नवं सॉफ्टवेअर चौसष्टचं. त्याला ओळखच देईना. गाणं वाजलं, पण अगदी कोरडंठाक.

“दुसरा कुठला तरी घुमारा लाव ना अक्का,” गायिका म्हणाली. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” अक्का म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती.

दुसऱ्या दिवशी अक्का भावाकडे गेली. भावजयीने दार उघडलं. “बघा तुम्हीच अक्का,” ती हळूच म्हणाली, आणि मग स्वतःशीच ओशाळली. हळू बोलायचं कारणच उरलं नव्हतं. “दिवसभर खिडकीशी बसून असतात. आम्ही सगळे लिहून दाखवतो ते गोड गोडच. त्यांना ते बरोबर कळतं.”

‘जिना’ नव्या संगणकावर चालत नाही, असं अक्काने फोनवर लिहून त्याच्यापुढे धरलं. भावाने वाचलं.

“टाकून दे तो,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो ओरडल्यासारखा बोलायचा. “माझ्या काय उपयोगाचा आता?”

अक्काने लिहिलं, “मला हवाय.” फोन तसाच त्याच्या मांडीवर ठेवून ती चहा न घेता उठून आली.

आठवडाभराने तो स्टुडिओच्या दारात उभा होता. हातात लॅपटॉप. “कुठाय?” एवढंच बोलला.

जुन्या प्लग-इनचं नव्या सॉफ्टवेअरशी बोलणं करून देणारा एक दुभाष्या प्रोग्रॅम त्याने शोधून काढला होता. तो बसवला, ‘जिना’ त्यातून जोडला. गाणं घुमलं! अक्काच्या अंगावर काटा आला. पण दुसऱ्या ओळीला करकर झाली आणि सगळं गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दुपार तशीच गेली. भावाने टेबलावर मूठ आपटली.

“मूळ प्रोग्रॅम असता तर नवा करून दिला असता. मीच पुसला. माझ्याच हातांनी.”

अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो म्हणाला, “एक ओळ तग धरतो ना हा? मग गाणं नको पाठवूस. टाळी पाठव. नुसती एक टिचकी. उत्तर देईल तेवढं रेकॉर्ड करून घे. घुमाऱ्याचे तयार प्लग-इन मिळतात, तसल्या एखाद्या नव्याला तेच उत्तर शिकवता येतं.”

अक्काने एक टिचकी पाठवली. स्पीकरमधून जिना बोलला, वर वर गेला, विरला. भावाचा तळवा स्पीकरवर होता आणि नजर पडद्यावरच्या रेघेवर. रेघ उंच उडाली, मग बारीक होत गेली.

“थांब. घुमाऱ्याची शेपटी पुरी जाऊ दे,” तो म्हणाला. सपाट रेघेकडे तो नंतरही बघत राहिला.

टिपलेलं ते उत्तर नव्या प्लग-इनमध्ये घातलं आणि अक्काने गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. कुठे करकर नाही.

“कसा आहे?” भावाने विचारलं.

मान हलवली असती तर भागलं असतं. तिने फोन उचलला आणि लिहिलं, “जिना आपलाच आहे. पण अगदी पहिल्यासारखा नाही. वर जाताना तुझा थोडा हलायचा, जिवंत वाटायचा. हा स्थिर उभा आहे.”

भावाने ते दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले. “हो. ते हलणं मी मुद्दाम घातलं होतं,” तो म्हणाला. “ते एका टाळीत येणार नाही.” मग चेहरा पुसत म्हणाला, “इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगितलं.”

गायिकेची उरलेली गाणी त्या स्थिर जिन्यातच झाली. तिला फरक कळला नाही. भावाचे कान काही परत आले नाहीत. पण त्याने खुर्ची ओढली आणि ते हलणं नव्याने लिहायला घेतलं. तो पडद्यावरची रेघ बघून बदल करायचा, अक्का ऐकून लिहायची: जास्त झालं, कमी कर, आता होडीत बसल्यासारखं वाटतंय. त्यावर एकदा तो मोठ्याने हसला. पलीकडच्या खोलीत कथावाचन चालू होतं. त्याचं हसू माईकमध्ये गेलं, आणि वाचणाऱ्या बाईंना ते पान पुन्हा वाचावं लागलं.