चार ठोक्यांची जागा

पोलाद कारखान्यात नोकरी लागून भिलाईला निघालो त्या सकाळी खालापूरच्या एस.टी. थांब्यावर आख्खा बँड आला होता. फक्त बाबा नव्हते. ते घरी ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. ढोल परवाच ताणलेला, हे मला ठाऊक होतं. पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "पांडूला समदं शिकवलंस ना? मग जा."

आमच्या तरुण मंडळाच्या बँडचा तो नियमच होता. कागदावर काही लिहिलेलं नाही, सगळ्या चाली कानावरच्या. म्हणून सोडून जाणाऱ्यानं आपल्या जागी माणूस बसवायचा, वाद्य त्याच्या हाती द्यायचं, आणि तो तयार झाल्याशिवाय वेस ओलांडायची नाही. भातशेती सांभाळून वाजवणारी माणसं आम्ही. नोकऱ्या लागतील तशी बदलत गेली. माणसाला वाद्याच्याच नावानं हाक मारायची खोड होती. कॉर्नेट पोस्टात लागलं, खुळखुळा घाटावर घरजावई झाला. मी क्लॅरिनेट होतो. तेरा दिवसांत शेजारच्या पांडूला सगळं शिकवलं आणि पांडू क्लॅरिनेट झाला. इतक्या लवकर? मला फार टोचलं ते.

भिलाईत क्वार्टर मिळालं, शिफ्ट ड्यूटी अंगवळणी पडली, मुलं घरात हिंदी बोलू लागली. पण माझ्यावाचून बँड कसा वाजत असेल, हा किडा काही डोक्यातून जाईना. छुट्टी मिळायची ती दिवाळीत, आणि तेव्हा वाद्यं माळ्यावर. लग्नसराईत कधी येणं झालंच नाही. मी मुलखाचा भोचक, पण बाबांना विचारायची छाती झाली नाही. मी बँड टाकून गेलो म्हणून ते रागावलेत, अशी माझी खात्रीच होती. ते गेले तेव्हाही मी दोन दिवस उशिरा पोचलो.

शेवटी वीसेक वर्षांनी पुतण्याच्या लग्नाला वैशाखात आलो. नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला. बँडमध्ये एक तोंड ओळखीचं नाही. क्लॅरिनेट संजूकडे, शिळफाट्याला दुकानात काम करणारा पोरगेला गडी. चाल मात्र आमचीच. आणि वाजवता वाजवता सगळे थांबले. चार ठोके कुणी काहीच वाजवेना, मग पुन्हा सुरू. पुढच्या फेरीतही तेच. चुकले म्हणावं, तर सगळे एकदम कसे चुकतील?

देवळापाशी संजूला गाठलं. "मधीच का रं थांबता?"

"थांबायचंच असतं काका. चालच तशी हाय. पांडूकाकांनी तशीच शिकवली."

रसायनीच्या कारखान्यात लागल्यावर पांडूनं संजूला बसवलं होतं. पांडू वऱ्हाडातच होता. त्याला बाजूला ओढलं. म्हटलं, तिथं क्लॅरिनेटनं एकट्यानं घ्यायची चार ठोक्यांची सुरांची फिरत होती, ती मी तुझ्याकडून घोटून घेतली होती.

"येत व्हती रं मला," पांडू म्हणाला. "तू गेल्यावर पैल्याच लग्नात वाजवली, तर तुज्या बापानं ढोल थांबवला. म्हनला, तेवढी ऱ्हाऊ दे. त्याची हाय ती, आला का वाजवील. मंग तो मनात चार मोजायचा नि ढोल मारायचा. आमी बी तसंच शिकलो."

"मला कधी बोलला नाहीस?"

"तू कवा इचारलंस?"

संजू ऐकत होता. त्यानं क्लॅरिनेट सदऱ्याला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "वाजवा काका."

मी ते ओठाला लावलं. बोटं जागच्या जागी बसली. पण फिरत आठवेना. पहिला सूरसुद्धा आठवेना. पांडूकडे पाहिलं, तर तोही मान हलवत होता. इतक्या वर्षांत त्यानंही ती वाजवलेली नव्हती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"आता पुढं कसं वाजवू?" संजूनं विचारलं.

"हाय तसंच," पांडू म्हणाला.

गाव सोडलेल्या आणि न सोडलेल्या बँडवाल्यांनो, भिलाईत कुणी घराबद्दल विचारलं की पूर्वी मी भाताची खाचरं सांगायचो, नदी सांगायचो. आता सांगतो, माझ्या गावात माझी चार ठोक्यांची जागा आहे, आणि ती भरायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. एकदाच, बाबांच्या गळ्यात ढोल असताना, मी वैशाखात यायला हवं होतं.