अक्काचा पान्हा

शिरड शहापूरला उन्हाळ्यातल्या दुपारी सगळं गाव पाण्याच्या तळाशी गेल्यासारखं वाटे. आवाज लांबून, विरघळत येत. त्या वर्षी मी कॉलेजच्या सुट्टीत हैदराबादहून घरी आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरच्यांचं ते ऋण अजून फिटलेलं नाही. तिथे शिकणं उर्दूतून. अंगातल्या ग्रंथींना गुरुजी 'गदूद' म्हणत. इवलीशी ग्रंथी रक्तात रस सोडते, तो अंगभर फिरतो, पण ज्या अवयवासाठी असतो तोच जागा होतो. ऐकताना मला गावची दवंडी आठवली होती. ती गल्लोगल्ली फिरते, पण ज्याचं काम असतं तोच उठतो.

थोरली बहीण, अक्का, माहेरी बाळंत झाली होती. तिचं पहिलं लेकरू आठ दिवसांत गेलं होतं. हे दुसरं चार दिवसांचं झालं, तरी तिला दूध नव्हतं. तिला आराम पडावा म्हणून लेकरू पलीकडच्या खोलीत, आत्याजवळ. आत्या कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजी. शेजारणी अक्काच्या बाजेभोवती बसत.

"पहिल्याच्या वक्ताला बी असंच झालं व्हतं न्हवं?"

अक्का भिंतीकडे तोंड फिरवी. लेकराचं रडणं रोज बारीक होत होतं.

पुस्तकातलं पान मला डोळ्यांपुढे तरंगताना दिसे. लेकरू चोखतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी कामाला लागते. तिचा एक रस दूध बनवायला लावतो, दुसरा ते खाली उतरवतो. आई धास्तावली की हा दुसरा अडतो. पण बहिणीबद्दल असलं भावानं कुणाशी बोलायचं?

संध्याकाळी माय म्हशीची धार काढत होती. मी जवळ जाऊन बसलो.

"माय, धार काढताना गोठ्यात परकं माणूस आलं तर?"

"दूध चोरती की. काहून?"

"आन् रेडकू सोडलंच न्हाई तर?"

"येडा झाला का रं? रेडकानं ढुसण्या मारल्याबिगर पान्हा कसा येईल? हैदराबादेत एवढं बी..."

तिचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं, भांडं तिथंच ठेवलं आणि ती घरात गेली.

"उठा गं बायांनो, तुमच्या चुली वाट पाहून राहिल्या!"

मग आत्याकडून लेकरू घेऊन तिनं ते अक्काच्या उराशी दिलं आणि दार लोटलं.

दोन दिवस तसंच. लेकरू रडलं की उराशी. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. तिसऱ्या दुपारी मी ओसरीवर अर्धवट झोपेत होतो. दाराआडून घुटुक घुटुक आवाज येऊ लागला. स्वप्नात आहे की जागा, हे मला कितीतरी वेळ कळेना.

माय बाहेर येऊन शेजारी बसली. डोळे पुसले.

"हे समदं तुज्या पुस्तकात लिवलंय?"

"व्हय."

"मंग कोण्या बाईला इचारूनच लिवलं असंल त्यानं."