धुळीचा रकाना

कोणी कागद पुढे केला, की ते आधी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघत. वाचता येत नव्हतं असं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर चाळिशीत त्यांनी अक्षरं गिरवली होती. पण मागे काही दडवलेलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय पुढची बाजू ते वाचत नसत. मग विचारत, "हे काहून इचारून राह्यले, बाबू?"

बाबू म्हणजे मी. राजूरकडच्या एका कोळसा खाणीत हजेरी कारकून होतो. मी त्यांना भाऊ म्हणे; ते खाली कोळसा भरत. साठ-एकसष्टचा सुमार. मी आता ऐंशीच्या पुढे गेलो आहे, आणि ही कबुली आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा. खाणीच्या दवाखान्यात औषध मिळालं, की ते दुसऱ्याची बाटली मागून आपल्या बाटलीशेजारी धरत. "मले पोटाचं देलं, त्याले तापाचं. रंग त एकच हाय!" कंपाउंडर चिडायचा. आम्ही हसायचो. औषध मात्र ते पीत, नाक दाबून.

त्या उन्हाळ्यात शहरातून एक डॉक्टर आले. खाणीतल्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करायची होती. छापील तक्त्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पगार किती, घरात माणसं किती, बिड्या किती, खोकला किती दिवस. "तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्हीच भरा," म्हणाले. मी फुगलो.

भाऊंनी तक्ता उलटा करून पाहिला, मग सुलटा करून बोट ठेवत वाचला.

"पगार हाय. बिडी हाय. खोकला हाय. धूळ कुठी हाय?"

"धुळीचा रकाना नाही, भाऊ."

"आठ घंटे नाकात जाते ते इचारत नाही, अन् तोंडात काय घालतो ते इचारता?"

"मी फक्त भरतो हो."

"मंग धुळीचा रकाना आखून आना. तवा सांगतो."

रांगेतला एक जण म्हणाला, "बाबू, हे बुवा चहाची बशीबी उलटी करून पाह्यतात." सगळे हसले. तेही हसले, पण तक्ता भरू दिला नाही. त्यांचं पाहून आणखी अकरा जणांनी नकार दिला.

तक्ते शनिवारी द्यायचे होते. मी फाटकासमोरच्या टपरीवर गेलो आणि या बारा जणांपैकी कोण किती बिड्या नेतो ते विचारलं. टपरीवाले चाचा भाऊंबद्दल म्हणाले, "वो तो रोज एक बंडल लेता है." मी लिहिलं, रोज पंचवीस. युक्ती केल्यासारखं वाटलं.

खाली बिडी नेता येत नसे. आगीच्या भीतीने फाटकावर झडती होई. मग ते बंडल जात कुठे होतं? कोळसा भरायचे रिकामे डबे आधी कोणाला द्यायचे ते मुकादम ठरवी, आणि डबा नाही तर मजुरी नाही. झडतीच्या आधीच बंडल मुकादमाच्या खिशात जाई. खाणीवर हे कोणाला ठाऊक नव्हतं? मलाही होतं. लिहिताना आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

हिवाळ्यात भाऊंची छाती भरून येऊ लागली. त्यांनी वर, दिवे वाटायच्या खोलीत काम मागितलं. तक्त्यांची एक प्रत खाणीच्या दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरांनी त्यातून त्यांचा तक्ता काढला.

"रोज पंचवीस बिड्या! मग छाती कशी टिकेल? वर खाणीला बोल लावता?"

"म्या? दीक्षा घेतली तवापासून बिडी तोंडाले लावली नाही, साहेब. हे कोनं लिहिलं?"

हजेरीपट घेऊन मी तिथेच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू, अक्षर तुमचं हाय. तुमीच सांगा ना."

खरं बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "यांनी सांगितलं ते लिहिलं."

ते भांडले नाहीत. टोपी घातली आणि बाहेर गेले. वरचं काम दुसऱ्याला मिळालं. ते पुन्हा खाली उतरू लागले.

महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो आणि टपरीची हकिगत सांगितली. त्यांनी खोकल्याची उबळ थांबू दिली. मग म्हणाले, "असं किती जनाचं लिहिलं?"

"बारा."

"बाकीच्या अकरा जनाइले सांगितलं?"

"नाही."

"मंग इथं काय करून राह्यले? जा ना त्याइच्याकडं."

त्यांची बायको आतून म्हणाली, "चहा त पिऊ द्या त्याइले."

"पिऊ दे. मंग जातीन ते."

मी चहा प्यालो. तिथून सरळ माझ्या खोलीवर गेलो.

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. घरची माणसं उमरखेडकडे नातेवाइकांत निघून गेली. त्यानंतर पाहणीचं छापील पुस्तक ऑफिसात आलं. कमी मिळकतीची माणसं बिडी जास्त ओढतात आणि म्हणून खोकतात, असा निष्कर्ष होता. साहेबांनी सगळे तक्ते पुरे भरल्याबद्दल माझी पाठ थोपटली.

बिडी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. बिडीने गेलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण असे अहवाल तुम्हीही वाचत असाल. तक्ता भरायला कोण बसलं होतं आणि कोणता रकाना आखलाच नव्हता, एवढं विचारत जा.

नोंद दुरुस्त करतो. ते बिडी ओढत नव्हते, आणि ओढतो असं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. बाकीच्या अकरा जणांच्या नावापुढे काय लिहावं, मला आजही माहीत नाही. मी त्यांच्या दारी गेलोच नाही.