आईच्या बाटलीतलं तेल

आज बायकोने माझ्या गुडघ्यासाठी लसूण-ओवा घालून तेल कढवलं आणि त्या वासाने मला मालाडच्या मैदानावर नेलं.

माझा मोठा भाऊ फुटबॉल खेळायचा. त्याचा गुडघा दोनदा निकामी झाला तेव्हा सगळे म्हणाले, "संपला हा." आई मात्र रोज असंच तेल चोळत बसायची. "खेळशील रे तू." तो परत मैदानात उतरायच्या महिनाभर आधी ती गेली.

तो परत उतरला त्या दिवशी गोल त्यानेच मारला. मिठ्या मारायला आलेल्या पोरांना चुकवून तो आई बसायची त्या कट्ट्यापाशी गेला, नीकॅप खाली ओढून म्हणाला, "बघ गं, टिकला."

घरी मात्र तो पाय धुवायला तयारच होईना. बाबा ओरडले, "अरे, चिखल तरी काढ!"

"नको ना बाबा. आईचं तेल आहे. बाटली संपली."