पेंटरचाचांची भिंत

दुसऱ्याच्या मांडवात जाऊन आपला बोर्ड लावायचा, त्याबद्दल पैसे आपणच द्यायचे, आणि वर त्यालाच हात जोडून परत यायचं, असा धंदा करणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो माझा घरमालक आहे. मी त्यांना चाचा म्हणते. गल्ली त्यांना पेंटर म्हणते, कारण चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून येणाऱ्या त्या प्लास्टिकच्या कापडानं त्यांचा ब्रश खुंटीला टांगला. अजूनही चौकात एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की चाचा त्याच्याकडे बघत नाहीत, समोरून जाताना मान दुसरीकडे वळवतात, जसं भांडण झालेल्या भाऊबंदाच्या दारावरून जावं.

हात मात्र स्वस्थ बसेना. म्हणून त्यांनी घराखालच्या जुन्या दुकानात टी-शर्ट छापायला घेतले. चित्र नाही, फोटो नाही, फक्त अक्षरं, आणि तीही जन्मभर भिंतीवर लिहिलेलीच. 'येथे गाडी लावू नये.' 'कामाशिवाय आत येऊ नये.' 'चौकशी आत करावी.' मजकूर हातानं काढतात, छपाईच्या जाळीवर चढवतात आणि कापडावर रंग ओढतात. इस्त्री आणि पॅकिंग माझ्याकडे. मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नऊ वर्षांनी सासर सोडून मी माहेरी आले तेव्हा आई उंबऱ्यातच म्हणाली, "आता हितं येऊ नको." आईचं मी लहानपणापासून सगळं ऐकत आले, तेही ऐकलं. शिवणकामाच्या ओळखीनं इथवर पोचले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती आणि डिपॉझिट नव्हतं. चाचांनी पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "वरची खोली झाडून घे. डिपॉझिट म्हणून इस्त्री कर." त्याला चार वर्षं झाली. आईचा आवाज ऐकून त्याहून जास्त. घरातला फोन भावाकडे असतो आणि भाऊ माझा नंबर उचलत नाही. एकदा तरी तिनं बोलावं एवढंच माझं मागणं होतं, आणि ते मी चाचांना एकदाच सांगितलं होतं. त्यावर ते नुसते ब्रश धूत बसले होते.

तर जाहिरात. टी-शर्ट विकायचे तर चार लोकांना कळायला पाहिजे. कुणीतरी सुचवलं, चौकात फ्लेक्स लावा. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर एक पोरगा बघितला. तो बंदुकीचा गेम खेळत होता, हजारो लोक त्याला लाईव्ह बघत होते, आणि कुणी चाळीस रुपये पाठवले की त्या माणसाचा निरोप नावासकट रंगीत पट्टीत झळकायचा आणि पोरगा तो मोठ्यानं वाचायचा. चाचा उठून उभेच राहिले. "अगं पोरी, भिंत! भिंत हाय ही! आन् भिंतीवर लिवायचं तर मालकाच्या पाया पडाय लागतंय, हितं भिंतच आपल्याला थँक्यू म्हणाय लागलीया!"

तेव्हापासून आमच्या घरात निरोप तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. निरोप तीन सेकंद दिसणार, पण चाचा त्यावर पाटीसारखीच मेहनत घेणार. आधी फरशीवर खडूनं मजकूर काढायचा. दोरा धरून अक्षरांची रुंदी मोजायची. मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचं. हे सगळं झालं की मी टाइप करायचं, कारण त्यांची बोटं जाड आणि एकावेळी तीन अक्षरं दाबतात. "'पक्का' आन् 'रंग' यात एक बोट जागा सोड." मी म्हणायचे, चाचा, फोनमध्ये बोटभर जागा सुटत नाही. "मग अर्धं बोट सोड." मी एकदाच स्पेस द्यायचे आणि अर्धं बोट सोडलं म्हणून सांगायचे. त्यावर ते चष्मा वर करून खात्री करायचे आणि म्हणायचे, "आता कसं मोकळं वाटतंय."

पहिल्याच निरोपाला घोटाळा झाला. गेममधला तो पोरगा जिवाच्या आकांतानं पळत होता, त्यात आमची पट्टी झळकली. त्यानं मान वळवून वाचलं, "थँक्यू पेंटरकाका, धुतला तरी अक्षर जाणार नाही..." आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला गोळी घातली. तो हसून पुढच्या डावाला लागला, पण चाचांना घास गोड लागेना. आपल्यामुळं पोरगं मेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चाळीस रुपये पाठवले आणि मजकूर लिहिला, "बाळा, आधी खेळ, मग वाच. घाई न्हाय." टी-शर्टचा त्यात उल्लेखही नव्हता.

कुठं जाहिरात करायची याचे त्यांचे कायदे होते. कुणी रडत असेल तिथं नाही. कुणी दवाखान्यासाठी मदत मागत असेल तिथं पैसे द्यायचे, नाव द्यायचं नाही. कुस्तीच्या मैदानात द्यायची, पण कुस्ती सुटल्यावर. आणि एक भिंत तर अशी होती की तिथं गिऱ्हाईक मिळणं शक्यच नव्हतं. गगनबावड्याच्या घाटातला एक माणूस सकाळी धुकं लाईव्ह दाखवायचा. नुसतं पांढरं. मध्येच एखादा ट्रक खोकत जायचा. बघणारे दोन असायचे, चाचा आणि मी. "कोन न्हाय बघत तिथं," चाचा म्हणायचे, "एकटाच उभा असतोय." तिथं ते न चुकता पैसे पाठवायचे आणि फक्त एवढंच लिहायला लावायचे, "दिसतंय. छान हाय." एकदा तो माणूस कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाला, "पेंटरकाका, आहात का अजून?" चाचा ताडकन फोनलाच म्हणाले, "हाय की! कुठं जातोय?" मग त्यांच्या ध्यानात आलं की त्याला ऐकू जात नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "लिव की लवकर. वाट बघायलाय त्यो." बायको गेल्यापासून 'आहात का' असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी घाईनं लिहिलं, आणि घाईत अर्धं बोट सोडायचं राहिलं. ते त्यांनी चालवून घेतलं.

मुरगूडच्या लग्नाची गोष्ट मात्र गल्लीत अजून सांगतात. त्या लग्नाचं लाईव्ह होतं आणि खाली पैसे पाठवायचा कोड होता. चाचांना वाटलं, नेहमीसारखीच भिंत. पाठवले चाळीस. तो कोड आहेराचा होता. मांडवात आहेर पुकारणारे बुवा कर्ण्यावर ओरडले, "कोल्हापूरच्या पेंटर पावण्यांकडून चाळीस रुपये आहेर! आन् पावणं म्हणत्यात, 'कामाशिवाय आत येऊ नये', सर्व साईजमध्ये मिळेल!" मांडव हसून लोळला. इकडे चाचांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी लग्नघरात चोरी केली होती. चार दिवसांनी मुरगूडहून मुलीच्या वडिलांनी टॉवेल-टोपी पाठवली, आहेर केलेल्या पावण्याचा मान म्हणून. मग तर चाचा थांबेनातच. दोन टी-शर्ट पिशवीत घातले, एसटी धरली आणि माफी मागायला गेले. संध्याकाळी पोट धरून परत आले. "माफीचं कोन ऐकूनच घेईना. जेव म्हणाले. जेवलो. परत जेव म्हणाले." मग जरा वेळानं, पायरीवर टेकून म्हणाले, "पोरी, कर्ण्यावर पुकारल्यालं मांडवातली म्हातारीकोतारीबी ऐकत्यात. ज्यांच्याजवळ फोन न्हाय, ती बी."

मला वाटलं, धंद्याचं बोलतायत.

नंतर महिन्याभरानं, एका सकाळी मी इस्त्री करत होते आणि चाचा कोपऱ्यात फोन घेऊन एका बोटानं काहीतरी कोरत बसले होते. मला न सांगता टाइप करायची ही पहिलीच वेळ. थोड्या वेळानं फोनमधून टाळ वाजले आणि ओळखीचा आवाज आला. आमच्या गावचे गुरुजी, सप्ताहात देणगीदारांची नावं तेच वाचतात. काल्याचं कीर्तन चाललं होतं, गावच्या पोरांनी लाईव्ह लावलं होतं. "कोल्हापूरहून पेंटरचाचा यांच्याकडून अन्नदानासाठी एक्कावन्न रुपये," गुरुजींनी वाचलं आणि मग थबकले. मग हळू वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि पुढं, "तुमच्या गावची लेक इथं खुशाल आहे. कष्टाची आहे. दोन्ही वेळ जेवते. आईला कळावे." शेवटी दुकानाचा नंबरही वाचला.

माझी इस्त्री कापडावर तशीच राहिली. 'चौकशी आत करावी'मधला 'चौ' जळाला. मी चाचांवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, काय केलंत हे, सगळ्या गावात माझी शोभा झाली, आता भाऊ येईल, आई तर तोंडच बघणार नाही. ओरडता ओरडता मी त्या एवढ्याशा पडद्यावर बायकांच्या बाजूला आईला शोधत होते. सगळे पदर सारखेच दिसत होते. चाचांनी आधी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बोर्ड लावला म्हणून कोन त्याच दिवशी येत न्हाय गं. वाट बघाय लागती." आणि भीतभीत विचारलं, "अक्षरात चूक न्हाय न्हवं झाली?"

आठ दिवस कुणी आलं नाही. नवव्या दिवशी दुपारी दुकानाचा फोन वाजला. मी सवयीनं म्हटलं, "बोला, कुठली साईज पाहिजे?" पलीकडे लहान पोरांचा गलका होता. मग आई म्हणाली, "ते पेंटर कोण हाय?"

"घरमालक. म्हातारे आहेत," मी म्हटलं.

"त्याला करून कोण घालतंय?"

"मीच."

"मीठ कमी टाकत जा. म्हाताऱ्या माणसाला सोसत नसतंय," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. तो नंबर अंगणवाडीतल्या ताईंचा होता, त्यावर पुन्हा करायचा मला धीर होत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात आमटी अळणी असते. चाचा रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात, माझ्याकडे बघतात, आणि ताट पुसून स्वच्छ करतात.