दत्तूची हलकी गाडी

दत्तू भोईर गेल्याचं मला कर्जतच्या पोस्टात कळलं. मनीऑर्डरच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. मागे दोन माणसं बोलत होती. एकानं विचारलं, "कोन गेला म्हनालास?" दुसरा म्हणाला, "अरं तो नाय का, ज्याच्या गाडीनं अशोकशेटचा पाय गेला... तो." "हां, तो व्हय!" आणि मग दोघं भाताच्या बियाण्याबद्दल बोलू लागले. पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसाची ओळख एवढ्या एका वाक्यात उरली होती. ते वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे सांगू शकणारा माणूस त्यांच्या पुढेच उभा होता, आणि त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. माझी ती जुनी सवय आहे. आज तीन आठवड्यांनी आपल्याकडच्या पेपरच्या रविवार पुरवणीसाठी हे लिहायला बसलो आहे ते ती मोडायची म्हणून.

दत्तू आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी शिकत राहिलो आणि शाळामास्तर झालो. तो मुंबईला एका पारशी मालकाच्या गॅरेजात लागला. तिथं परदेशी गाड्या दुरुस्तीला यायच्या. त्यातल्या लांबलचक, जड गाड्यांचं त्याला कधी काही वाटलं नाही. त्याचं मन बसलं ते दोन माणसांच्या, बुटक्या, हलक्या गाड्यांवर. त्या मुळात श्रीमंतांसाठी नव्हत्याच. तिकडच्या कारकुनानं, फिटरनं घ्याव्यात आणि सुटीच्या दिवशी डोंगरातल्या रस्त्यांवर पळवाव्यात, अशा त्या गाड्या. सहा-सात वर्षांनी तो परत आला आणि पळसदरीच्या अलीकडे, खोपोलीच्या रस्त्याला त्यानं पत्र्याची शेड टाकली. येताना रद्दीतून विलायती मोटार-मासिकांचा एक गठ्ठा घेऊन आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. रविवारी मी सायकलनं जायचो, शेडमधल्या खाटेवर बसून एकेक लेख वाचायचो आणि मराठीत सांगायचो. तो कुणाच्या तरी जीपखाली आडवा पडून ऐकायचा. मध्येच पाना आपटून म्हणायचा, "परत वाच रं. घाईत वाचलंस."

सत्तरच्या आसपास कधीतरी त्यानं कुर्ल्याच्या भंगारातून एक लहान दोन दारांची गाडी ओढून आणली. तिचं वरचं अंग चेपलेलं होतं, पण खालचा सांगाडा आणि इंजिन शाबूत होतं. वरचं सगळं त्यानं कापून टाकलं. मोहोपाड्याच्या भंगारवाल्याकडे कारखान्यांतून निघालेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मिळायचे. ते आणून, लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून, दीड वर्षात त्यानं नवं अंग घडवलं. छत माझ्या छातीइतकं उंच, मागची बाजू उतरती, आणि जागा दोनच. "इंजिन म्हातारं हाय," तो म्हणायचा, "त्याला ताकद कुठनं आनू? मी वजन काढतो. ते फुकट हाय." स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते, ते दिवस. "मास्तरासारख्या मानसाला घेता आली पायजे, नायतर काय उपेग?" हे त्याचं पालुपद. पहिल्यांदा ती शेडबाहेर काढली तेव्हा रस्त्यानं जाणारा एक शेतकरी बैल थांबवून म्हणाला, "दत्त्या, अर्धीच बनवलीस का रं? मागची अर्धी कुठं ऱ्हायली?"

त्या दिवशी त्यानं मला शेजारी बसवून खालापूरपर्यंत नेलं. बसलो कसला, जवळजवळ आडवा झालो. रस्ता हाताला लागेल इतका जवळ. वळण आलं की गाडी कलायची नाही, नुसती वळायची, आपण मान वळवतो तशी. मी काटा बघून म्हटलं, "ऐंशी?" तो हसला. "साठ हाय रं! जमिनीजवळ बसलं की साठ पन लय वाटतात." मग परतीला मोकळ्या रस्त्यावर त्यानं माझा हात स्टीअरिंगवर ठेवला. "बघ. बैल गाडीला पुढनं ओढतो, हिला मागची चाकं ढकलतात. पुढच्या चाकांना वळायचं, बस, तेवढंच काम. म्हनून हातात कशी मोकळी लागते." मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण ते हाताला कळलं. माझ्या सगळ्या आयुष्यात आनंदानं वेगात गेल्याची आठवण ती एवढीच आहे.

आनंदाबरोबर बाकीचं होतंच. पावसात नेमकं गुडघ्यावर गळायचं. उन्हात पत्रा तापायचा, आणि आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागे. घरात बायको, दोन मुली आणि आई. त्यातलं एकच माणूस एका वेळी मावणार. मुली पाळीवरून भांडायच्या. आई तर बसलीच नाही. "मला खाली बसवशील, वर कोन उठवंल?" म्हणाली. पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट तशी नव्हती. त्या गाडीची मागची चाकं सरळ एका दांड्यावर बसवलेली नव्हती. मधल्या सांध्यापासून ती पक्ष्याच्या पंखांसारखी वरखाली व्हायची. वेगात वळताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, की मागचं अंग उचललं जायचं, चाकं पोटाखाली दुमडायची आणि गाडी गर्रकन फिरायची. मूळच्या जड अंगाखाली ही खोड झाकलेली होती. दत्तूनं वजन काढलं आणि ती उघडी पडली. जो तिचा गुण, त्यातूनच हा दोष आला होता.

उपाय मासिकात होता. तो मीच त्याला वाचून दाखवला. डिकीत वजन ठेवावं, म्हणजे मागचं अंग बसतं आणि चाकं पाय फाकून उभी राहतात. दत्तूनं अर्धी गोणी उल्हास नदीची वाळू भरली, गोणीचं तोंड लाल नाड्यानं शिवलं आणि ती डिकीत टाकली. गाडी शहाण्यासारखी वागू लागली. मी म्हटलं, "दत्तू, पट्टी मारून कायमची बांधून टाक ती." त्याचा चेहरा उतरला. "बांधून टाकली तर हलकी गाडी कशाला म्हनायची रं?" ही त्याची चूक होती. अभिमानापोटी झालेली, पण चूकच. मित्र गेला म्हणून मी ती झाकणार नाही. मात्र ज्या चुकीसाठी गावानं त्याला पंधरा वर्षं बोल लावला, ती ही नव्हे.

गाडी घेतली अशोकनं. बावीस-तेवीस वर्षांचा, राइस मिलच्या मालकांचा मुलगा. ज्या शाळेत मी तेव्हा नोकरीला होतो, त्या संस्थेचे अध्यक्ष हेच मिलमालक. दत्तूला गाडी द्यायची नव्हती, पण दुसरी बनवायला हाती काहीतरी हवं होतं. गाडी न्यायला अशोक आला तेव्हा मी खाटेवर होतो. मांडीवर मासिक होतं, मिटलेलं.

दत्तूनं डिकी उघडली. "शेट, ही गोनी काढायची नाय."

"वाळू? गाडीत बांधकाम काढलंय का?"

"हसू नका. सामान मांडीवर घ्या, दोस्ताला एसटीनं पाठवा, पन गोनी ऱ्हाऊ द्या. आनि वळनात भ्या वाटलं तर पाय झटक्यानं काढू नका. धरून ठेवायचा."

"बरं बाबा, बरं. मास्तर, तुम्ही साक्षीला आहात ना?" अशोक माझ्याकडे बघून हसत म्हणाला.

मी म्हटलं, "आहे."

दोनेक महिन्यांनी लोणावळ्याला त्यांच्या नात्यात लग्न होतं. आहेराची ट्रंक डिकीत मावेना म्हणून अशोकनं गोणी काढून ठेवली. ट्रंक पोचवून परत येताना डिकी रिकामी. घाटाच्या उतारावर, खोपोली खाली दिसू लागते तिथल्या एका वळणावर, समोरून ट्रक आला. अशोकनं पाय काढला. गाडी फिरून कठड्यावर आदळली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना भेटायला म्हणून मी मिलवर गेलो. कोंड्याच्या ढिगाशेजारी ती गोणी पडली होती, लाल नाड्यानं शिवलेली. एक हमाल तिच्यावर बसून विडी ओढत होता.

चार-पाच दिवसांनी मिलच्या ऑफिसात पोलीस जमादार जबाब घ्यायला बसले. अशोकनं दवाखान्यात सांगितलं होतं की आपल्याला गोणीचं कुणी काही बोललं नाही. अध्यक्ष खुर्चीत होते. दत्तू दाराशी उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काही काळजी दिसत नव्हती, कारण मी आलो होतो.

"मास्तर, गाडी दिली तेव्हा तुम्ही हजर होता?"

"होतो."

"भोईरनं गोणीबद्दल बजावलं होतं का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. धमकी नव्हती त्या नजरेत, नुसतं पाहणं होतं... माझी नोकरी त्या जूनमध्ये कायम व्हायची होती. लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं. मी वाचत होतो."

कुणालाही शंका आली नाही. माझी गावात ओळखच ती होती. जेवताना वाचणारा, चालताना वाचणारा. त्याहून पटेल असं खोटं मला सुचलंच नसतं. मी वाचत नव्हतो. दत्तूनं बजावलं होतं. त्याचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, आणि वर तो जसाच्या तसा लिहिला आहे. अशोकशेट आज मिल सांभाळतात, ही पुरवणी त्यांच्याकडे येते. गाडी नेताना मला साक्षीला कुणी धरलं होतं, हे त्यांनाही आठवत असेल.

बाहेर आलो तेव्हा दत्तू सायकलला टेकून उभा होता. रागावेल, निदान शिवी देईल असं वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "कुठलं पुस्तक व्हतं रं?"

कोर्टात तो सुटला. शिक्षा गावानं दिली. शेडवर जीपगाड्या यायच्या बंद झाल्या, मग मोटरसायकली, मग सायकलीसुद्धा. अखेर मोहोपाड्याकडे एका वाहतूकदाराच्या टँकरांची चाकं बदलण्याच्या कामावर लागला. ज्यानं पत्र्याला ठोकून वळणं दिली, त्यानं उरलेलं आयुष्य जगातल्या सगळ्यात जड गाड्यांखाली काढलं. मी कायम झालो, पुढे मुख्याध्यापकही झालो. बाजारात कधी समोर आलाच तर तो थांबायचा. "काय वाचतोस सध्या?" मी पुस्तकाचं नाव सांगायचो. तो मान हलवून जायचा. पंधरा वर्षं हेच. तो टोमणा होता, की बोलायला आम्हा दोघांत तेवढंच उरलं होतं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आता ते कळणार नाही. कामावरच छातीत कळ येऊन गेला.

हे सगळं लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, मी ते घेऊन दत्तूच्या बायकोकडे, सुशीलावहिनींकडे गेलो. पुढचं तिथून परत आल्यावर लिहितो आहे. पूर्वी त्या मला भावजी म्हणायच्या. त्या जबाबाच्या दिवसापासून मास्तर म्हणतात. त्या शेडमध्ये वाल सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या गाडीचा लाकडी साचा केव्हाच चुलीत गेला. तिच्यासाठी दत्तूनं काथ्या भरून शिवलेल्या दोन सीटा तेवढ्या भिंतीला लावून ठेवलेल्या. एकीवर त्या होत्या. "बसा," त्यांनी दुसरी दाखवली. मला बसवेना. मी उभ्यानंच वाचू लागलो. जबाबापाशी त्यांचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "त्यांची चूक पन लिवलीत."

"खोडू का?"

"नको. तीबी खरीच हाय." मग पुढचा वाल सोलत, "आमच्या आळीत पेपर किती घरांत येतो, ठाव हाय?"

"नाही."

"एका."

त्या उठल्या, पदरातली वालाची सालं झटकली आणि दारात जाऊन हाक मारली, "ए पार्वते! काकी! या गं जरा हिकडं सगळ्याजनी. आनि बाप्यांनाबी बोलवा." हात पुसत बायका आल्या, मागून दोन-तीन पुरुष. एकीनं विचारलं, "काय हाय गं?"

वहिनी सीटवर जाऊन बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हां मास्तर. आता पयल्यापासनं वाचा. मोठ्यानं."