मिठाची मूठ

मी पुढे येऊन वाशीमच्या दवाखान्याच्या फाटकात स्ट्रेचर सांगून उभी होते. गावाहून गाडी निघाली होती. ताईला दोन दिवस ताप आणि उलट्या, पोटात गोळी काही टिकत नव्हती. तेवढ्यात गाडीतूनच रेणूचा फोन आला. "काकू, आता डॉक्टरले नको बोलावू... आई गेली." रेणू ताईची लेक, मंगरूळपीरला दिलेली. आणि ताई म्हणजे माझी थोरली जाऊ, सुनंदा.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "सुटली बिचारी." महिना होत आला तरी तो शब्द ऐकला की माझं डोकं भणभणतं. बिचारी? ताई? तुम्ही तिला पाहिलं होतं का हो कधी?

शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे नवस फेडायचा तर शेतात रोडग्यांचा स्वयंपाक होतो. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, आणि अख्खी आळी जेवायला. नैवेद्य दाखवल्याशिवाय भाजी चाखायची नाही, म्हणून मीठ टाकायचं काम एकाच बाईचं, जिचा अंदाज चुकत नाही तिचं. ते काम ताईचं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिची मूठ कधी कमी पडली नाही, की जास्त झाली नाही. मी तर घरच्या चार माणसांच्या वरणात अजून चुकते.

आधी तिचा गळा सुजला, केस गळायला लागले, जिना चढताना दम लागायचा. थायरॉईड निघालं. घरोघरी असतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. मग ओठाच्या कोपऱ्यात आणि बोटांवर पांढरे डाग आले, आणि घराचा रंगच पालटला. आमच्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, ताईवर फार जीव. त्या जिवापोटीच त्यांनी तिचं मीठ, दही, आंबट सगळं तोडलं. मिठानं कोड पसरतं, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि नेमकी तेव्हाच ताई मिठासाठी वेडी झाली होती. एकदा चुलीमागे तळहातावर जाडं मीठ घेऊन चाटताना मी तिला पाहिलं.

"काहून वं ताई?"

"मलेच समजून नाई राह्यलं वं. अंगच मागते."

आत्याबाईंनी मिठाची बरणी कोठीत नेऊन कुलूप लावलं. ताई वाळत गेली. बोटांची पेरं काळी पडली, त्यातच ते पांढरे ठिपके. शेवटी सोयाबीनच्या वावरात ती धाडकन पडली, तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला अकोल्याला नेलं. आत्याबाई आणि मी सोबत. तिथल्या डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. अंगाची राखण करणारी शक्तीच बिथरली होती. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागावं, तसं. त्या शक्तीने आधी गळ्यातली थायरॉईडची गाठ धरली, मग कातडीचा रंग खाल्ला, आता मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना भिडली होती. त्या ग्रंथी बसल्या की अंगात मीठ ठरत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात मीठ कसं आहे?"

"बंदच केलं सायेब," आत्याबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आजी, हिला जगवायचं असेल तर आधी मीठ द्या. आणि ही नवी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, चुकली तर जिवावर बेतेल."

घरी आल्यावर आत्याबाईंनी स्वतः बरणी काढून ताईपुढे ठेवली आणि पदर तोंडात धरून रडल्या. ताई चिडली. "रडता कायले? आता तं मले डाक्टरनं चाटाले सांगतलं!" आणि दोघी हसायला लागल्या...

त्या वर्षीच्या रोडग्यांना मात्र बायांनी मिठाचं पातेलं आळीतल्या शांताबाईंच्या हातात दिलं. "सुनंदाबाई, तुमी बसा. आराम करा." डाग हा शब्द कोणी काढला नाही, सगळ्यांना कळला मात्र. ताई उठली. पातेलं ओढून घेतलं, पदर कमरेला खोचला, डागाळलेली मूठ भरून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"डाग लागत असते तं आधी माह्या नवऱ्याले लागले असते. ज्याले जेवाचं नाई त्यानं आताच उठा. मंग पत्रावळीवर बसून नखरे नाई चालाचे."

आणि टाकलं मीठ. दोन घरं उठून गेली. ती घरं पुढच्या वर्षीही आली नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. ताईने दरवर्षी मीठ टाकलं. लोक बदलले, माणुसकी जिंकली, असलं काही मला लिहायचं नाही. ते झालं नाही. ती हटली नाही, एवढंच झालं.

ताईच्या तेरवीच्या दिवशी चुलीवर भाजीचा गंज चढला. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून आचाऱ्याने विचारलं, "मीठ कोण टाकते?" शांताबाई पुढे झाल्या. तेवढ्यात रेणू उठली. तिच्या अंगठ्याला पट्टी होती. तव्याला भाजलं, असं तिने सासरी सांगितलं होतं. पट्टीखाली खरं काय होतं ते मला ठाऊक होतं, तिच्या आईलाही होतं. तिची सासू मंगरूळपीरहून आलेली, समोरच बसलेली. रेणूने सगळ्यांदेखत पट्टी सोडून चुलीत टाकली. अंगठ्यावर डाळीएवढा पांढरा डाग. खरं सांगते, मला वाटलं हिला अडवावं.

तिने मूठ भरली आणि गंजात सोडली. नैवेद्य झाला. पहिली पत्रावळ तिने स्वतः वाढली, सासूपुढे ठेवली आणि समोर उभी राहिली.

"मामीजी, माह्या हातचं हाय. जेवता, का उठता?"